पानाची खालची बाजू: बागेतल्या किडींच्या नोंदी

मागच्या हंगामात मी दर आठवड्याला फवारणी केली. कीड असो नसो, कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी सगळ्या वाफ्यांवरून फिरायचंच. त्यात रासायनिक काही नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. तरी हंगाम सरता सरता घेवडा लाल कोळ्याने पिवळा पडला आणि मावा तीनदा उलटला. कीड मारताना मी आणखी काय काय मारलं, याचा हिशोब तेव्हा ठेवलाच नव्हता. या वेळी तो ठेवायचा आहे. नियम एकच: मोजल्याशिवाय पंप हातात घ्यायचा नाही.

६ जानेवारी

एकूण नऊ वाफे. टोमॅटोचे दोन, कोबीचे दोन, वांगी, मिरची आणि घेवड्याचा प्रत्येकी एक. एक काकडीसाठी राखलेला. नवव्या वाफ्यात चवळी, कोथिंबीर, बडीशेप आणि झेंडू. हा दोन महिन्यांपूर्वीच पेरला होता, कारण कोथिंबीर मला पानांसाठी नाही, फुलांसाठी हवी आहे. कोथिंबीर-बडीशेपेची फुलं छत्रीसारखी पसरट असतात, त्यांतला मध उथळ असतो. परोपजीवी गांधीलमाश्या अगदी बारीक असतात, त्यांची तोंडंही तोकडी. खोल फुलातला मध त्यांना मिळत नाही, इथला मिळतो. चवळीला तर फुलाबाहेरसुद्धा मधुग्रंथी असतात, त्यामुळे फूल नसतानाही तिथे वर्दळ राहते.

सामान: दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मऊ ब्रश, दोन लिटरचा हातपंप, पांढरा कागद, वही.

मोजणीची पद्धत: आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वाफ्यातली पाच रोपं, प्रत्येक रोपाची तीन पानं (शेंड्याजवळचं, मधलं, बुडाजवळचं). पान उलटवून खालची बाजू बघायची. वरून बघून काहीच कळत नाही. मावा, पांढरी माशी, कोळी सगळे ऊन-पाऊस चुकवून खालच्या बाजूलाच राहतात.

११ जानेवारी

सकाळी टोमॅटोची चार रोपं जमिनीलगत कापलेली. खाल्लेली नाहीत, नुसती कातरून आडवी पाडलेली. पानांवर छिद्रं नाहीत, गोगलगायीची चकाकती रेघ नाही. कातरकीडच.

रोपाभोवतीची माती बोटाने दोन-तीन सेंटीमीटर उकरली. चारपैकी तीन ठिकाणी करड्या रंगाची, अंगठीसारखी वळून बसलेली अळी सापडली. ही रात्री खाते आणि दिवसा गुन्ह्याच्या जागीच, मातीत झोपते. म्हणून दुसऱ्या दिवशीच उकरायचं, उशीर केला की ती पुढच्या रोपाखाली सरकलेली असते.

उरलेल्या सगळ्या रोपांना पुठ्ठ्याच्या गळपट्ट्या केल्या. बोटभर उंचीची नळी, अर्धी मातीत, अर्धी वर. अळीला कापायला खोडाभोवती वळसा घालावा लागतो, तोच घालता येत नाही. फवारा नाही, अर्क नाही. एक तास गेला.

१५ जानेवारी

गळपट्ट्या लावल्यापासून एकही रोप गेलं नाही.

१८ जानेवारी

चवळीच्या शेंड्यांवर मावा आला. पहिले आले ते पंखांचे, काळे, एका शेंड्यावर दोन-तीन. प्रत्येकाभोवती बिनपंखांची पिल्लं चिकटलेली. भिंगाखाली एक जन्मतानाच दिसलं: आईच्या मागून पाय आधी, डोकं शेवटी, आणि सुटताच ते सालीत सोंड खुपसून बसलं. अंडं नाही, नर नाही. उबदार हवेत मादी नराशिवायच पिल्लांना जन्म देत राहते आणि ते पिल्लू साधारण आठवडाभरात स्वतः आई होतं. एका रात्रीत मावा वाढला असं आपण म्हणतो, त्यामागे हे गणित आहे.

मुंग्याही आल्या आहेत. त्या मिशांनी माव्याला थोपटतात आणि त्याने सोडलेला गोड चिकटा पितात. माव्याजवळ येणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड) त्या हुसकावतात, म्हणून मुंग्यांची रांग कुठून चढते ते लिहून ठेवतेय: कुंपणाच्या बाजूने, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेलावर.

२३ जानेवारी

चवळीचे शेंडे काळे पडलेत. पाच शेंड्यांवर मोजायला गेले आणि दोनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं. खालच्या पानांवर चिकटा चमकतोय. थोड्या दिवसांनी त्यावर काजळीसारखी बुरशी धरेल.

आज हात फार शिवशिवले. पंप भरून ठेवला होता. पण मग वही उघडली. चवळीवर मावा म्हणजे नुकसान कुणाचं? हा वाफा मी त्यासाठीच लावला आहे. कोबीवर, टोमॅटोवर मोजणी काय सांगते? कोबीच्या पंधरा पानांवर मिळून अकरा, टोमॅटोवर शून्य. कीड असणं वेगळं आणि नुकसान होणं वेगळं. १९५९ साली स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी एकात्मिक नियंत्रणाची कल्पना मांडली, तिचा गाभा हाच होता: एका मर्यादेपर्यंत कीड सोसायची, कारण त्या मर्यादेच्या आत ती तिच्या शत्रूंना पोसत असते. कीड शून्यावर आणली की तिच्यावर जगणारेही उपाशी मरतात किंवा निघून जातात. मग कीड परत येते तेव्हा तिला अडवायला कुणी नसतं.

म्हणून कोबीवर फक्त पाण्याचा जोरदार फवारा मारला, पानाच्या खालून वर. मावा सोंड खुपसून बसलेला असतो. झटक्याने पडला की त्यातले बरेचसे परत चढून येऊ शकत नाहीत. चवळीला हात लावला नाही. मुंग्यांच्या रांगेच्या वाटेवर मात्र वेलांच्या काठ्यांना चिकट पट्टी गुंडाळली.

२६ जानेवारी

अंडी! चवळीच्या पानाखाली, माव्याच्या थव्यापासून चार बोटांवर, पिवळीधमक, उभी, एकमेकांना खेटून. मोजली, चौदा. ढालकिड्याची. तो अंडी घालायला माव्याने भरलेला शेंडाच शोधतो, म्हणजे पिल्लांना दारातच जेवण. तीन दिवसांपूर्वी मी तेलाचा पंप चालवला असता तर हे पान त्या किड्याने निवडलंच नसतं.

पानाच्या देठाला लाल दोरा बांधला.

३० जानेवारी

दोरा बांधलेल्या पानावर अंड्यांची रिकामी टरफलं, आणि त्यांवरच बसलेल्या काळ्या, सुईच्या टोकाएवढ्या अळ्या. सहा पाय, लांबट अंग. ढालकिड्याची अळी ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. ती दिसते छोट्या मगरीसारखी, काळी, नंतर पाठीवर नारिंगी ठिपके येतात. कितीतरी बागांमध्ये ती 'नवीन कीड' म्हणून चिरडली जाते. मीही मागे चिरडली असणार.

४ फेब्रुवारी

सकाळी अर्धा तास एकाच अळीजवळ बसले. आता ती जवळपास सात-आठ मिलीमीटरची झाली आहे. तिला दिसत कमी असावं, कारण मावा अगदी समोर असूनही ती बाजूने निघून गेली, शेंड्यावर डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत चाचपडत राहिली. तोंड लागलं तेव्हा मात्र सोडलं नाही. माव्याला सालीवरून उचलून हवेत धरलं, त्याचे पाय हलत होते, आणि आतला रस ओढून घेतला. माव्याचं अंग पिचकलं, मग कातडं टाकून दिलं. पुन्हा चाचपडणं सुरू. अर्ध्या तासात नऊ. कोष करेपर्यंत अशी एक अळी शेकड्यांनी मावा खाते.

त्याच शेंड्यावर आणखी दोघं होते. एक, सिरफिड माशीची अळी: बिनपायांची, हिरवट, जळवेसारखी. दुसरं, केसाएवढ्या देठावर टांगलेली क्रायसोपाची, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका हिरव्या किड्याची अंडी. क्रायसोपाच्या अळ्या भुकेच्या वेळी एकमेकांची अंडीही खातात, ती वाचावीत म्हणून प्रत्येक अंडं वेगळ्या दांड्यावर ठेवलेलं असतं. भिंगातून हे पाहताना वेळ कसा गेला कळलं नाही.

१० फेब्रुवारी

चवळीवरच्या पाच शेंड्यांवर मिळून ३८. अठरा दिवसांपूर्वी दोनशेच्या पुढे होते.

मेलेल्यांमध्ये काही वेगळे आहेत: फुगलेले, गव्हाळ रंगाचे, पानाला घट्ट चिकटलेले, पाठीवर टाचणीने केल्यासारखं गोल छिद्र. यांना ममी म्हणतात. बारीक गांधीलमाशीने जिवंत माव्यात अंडं घातलं, अळी आतून वाढली आणि माशी होऊन पाठीतून झाकण कापून बाहेर पडली. ज्यांना अजून छिद्र नाही त्यांच्यात पुढची पिढी आहे, म्हणून ममी असलेली पानं तोडायची नाहीत. मी वेलाची छाटणी पुढे ढकलली.

१४ फेब्रुवारी

कोबीकडे वळते. बाहेरच्या पानांवर पातळ खिडक्या दिसतायत: अळीने खालून गर खाल्ला, वरचा पारदर्शक पापुद्रा ठेवला. ब्रशने टोचलं की हिरवी बारीक अळी वेड्यासारखी वळवळते आणि धाग्यावर लोंबकळत खाली उतरते. चौकोनी ठिपक्याचा पतंग, कोबीचा सगळ्यात हट्टी शत्रू.

पंधरा पानांवर तेवीस अळ्या, बहुतेक लहान. गड्डे आता धरू लागतील आणि अळी आत शिरली की काहीच पोहोचत नाही. इथे थांबण्यात अर्थ नाही. या हंगामातली पहिली फवारणी: बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, कुर्स्टाकी प्रकार. संध्याकाळी, पाकिटावरच्या मापाने, पानाच्या खालून.

बीटी हा मातीतला जिवाणू. १९०१ मध्ये जपानच्या इशिवाटा यांना तो रोगट रेशीमकिड्यांत सापडला. १९११ मध्ये जर्मनीच्या बर्लिनर यांनी थुरिंगिया प्रांतातल्या पिठातल्या पतंगाच्या अळीत तो पाहिला आणि तेच नाव त्याला चिकटलं. तो स्पर्शाने मारत नाही, पोटात जावा लागतो. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो, त्यात जिवाणूचे प्रथिनस्फटिक विरघळतात आणि आतड्याच्या भिंतीला भोकं पडतात. काही तासांत खाणं बंद, दोन-तीन दिवसांत मरण. ढालकिडा, मधमाशी, गांधीलमाशी यांना या प्रकाराने काही होत नाही. मात्र फुलपाखरांच्या अळ्याही अळ्याच आहेत, म्हणून नवव्या वाफ्यावर आणि बडीशेपेवर एक थेंब जाऊ दिला नाही. मोठ्या अळ्यांवर याचा जोर चालत नाही आणि उन्हाने दोन-चार दिवसांत तो निकामी होतो. संध्याकाळ त्यासाठीच.

१७ फेब्रुवारी

त्याच पंधरा पानांवर जिवंत चार. मेलेल्या काळपट, मऊ. फवारणी लगेच दुसऱ्यांदा करणार नाही. याच पतंगाने १९९० मध्ये हवाई बेटांवरच्या शेतांत बीटीला दाद न देण्याची क्षमता मिळवल्याची नोंद झाली, उघड्या शेतात असं घडलेली ही पहिलीच कीड. सेंद्रिय औषधही रोज मारलं की कीड त्याला सरावते. उरलेल्या चार हाताने वेचल्या.

२२ फेब्रुवारी

भाची सुट्टीला आली आहे, तिला कोबीचा वाफा दिला. थोड्या वेळाने हाक: "मावशी, इकडे ये, या अळीने अंडी घातलीत!"

पानाखाली कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराची अळी निपचित पडलेली, आणि तिच्या अंगाखाली-अंगाभोवती पिवळ्या, कापसासारख्या वीसेक गोळ्या. तिने चिमटा पुढे केलाच होता. मी हात धरला. "अगं, अळी कधी अंडी घालते का? अंडी फुलपाखरू घालतं."

"मग ही कसली?"

कोष. कोटेशिया नावाच्या गांधीलमाशीचे. माशीने ही अळी लहान असताना तिच्यात अंडी घातली, पिल्लं आतून वाढली, कातडी फोडून बाहेर आली आणि तिथेच कोष विणले. भाचीने पान न तोडता त्याच्याभोवती जाळीची पिशवी बांधली. चारच दिवसांत पिशवीत काळ्या, मुंगीपेक्षाही लहान माश्या फिरत होत्या. पिशवी तिनेच सोडली.

२ मार्च

चूक, आणि ती सविस्तर लिहायला हवी.

घेवड्यावर मावा वाढला. इथे ढालकिडे अजून आलेले नाहीत, शेंगा धरतायत, म्हणून साबणाचं पाणी मारायचं ठरवलं. पोटॅशचा मऊ साबण संपला होता. भांडी घासायचं द्रावण होतं, तेच पाण्यात घातलं, मापही अंदाजानेच. सकाळी साडेदहा वाजता, चढत्या उन्हात फवारलं. दुसऱ्या दिवशी कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, कागदासारख्या कुरकुरीत. मावा मेला, पण अर्धा शेंडाही गेला.

तीन चुका एकदम. साबण म्हणजे स्निग्धाम्लांचे क्षार, भांड्यांचं द्रावण ते नसतं, त्यात चरबी काढणारी दुसरीच रसायनं असतात आणि ती पानावरचा मेणाचा थरही काढतात. माप: मऊ साबण लिटरला दहा ते वीस मिलि, त्यापुढे नाही. वेळ: ऊन उतरल्यावरच. साबण ओला असतो तेवढाच मारतो, वाळला की संपला. म्हणजे भर उन्हात मारून फायदा कमी आणि इजा जास्त. आणि सगळ्यात आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबायला हवं होतं.

जळालेले शेंडे खुडले. पाणी दिलं. वाफ्याजवळ बराच वेळ उभी राहिले.

५ मार्च

घेवड्याला नवीन फूट आहे.

८ मार्च

कुंपणाच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण. देठांच्या बेचक्यांत पांढरा कापूस, खाली मुंग्या. पिठ्याच्या अंगावर मेणाचं आवरण असतं, पाणी आणि अर्क त्यावरून ओघळून जातात. म्हणून ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक पुसायला बसले. परवा आणि काल मिळून दोन फांद्या स्वच्छ केल्या.

आज तिसऱ्या फांदीवर ब्रश टेकवला आणि एक पिठ्या पळाला. पिठ्या पळत नाही, फार तर सरपटतो. भिंग काढलं. हा बाकीच्यांच्या दुपटीहून मोठा, अंगावरच्या पांढऱ्या झुली लांब आणि विस्कटलेल्या, आणि ब्रशने झूल बाजूला केली तर खाली सहा ठसठशीत पाय. बघता बघता त्याने पिठ्याच्या अंड्यांच्या पिशवीत तोंड घातलं.

क्रिप्टोलीमसची अळी. हाही ढालकिडाच, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. याच खंडातून अल्बर्ट कोबेल यांनी १८८८ मध्ये दुसरा एक ढालकिडा, रोडोलिया, कॅलिफोर्नियाला धाडला आणि त्याने तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा खवलेकिडीपासून वाचवल्या. त्यानंतर १८९१-९२ मध्ये त्यांनीच क्रिप्टोलीमस पिठ्यासाठी तिथे नेला. पुढे तो पिठ्याच्या मागे जगभर गेला. त्याची अळी पिठ्यासारखंच मेणाचं पांघरूण घेते, इतकं हुबेहूब की मुंग्याही फसतात.

मग पुसलेल्या दोन फांद्यांखालची माती तपासली. साबणात माखलेल्या, मेलेल्या सात अळ्या सापडल्या. मी स्वतः पुसलेल्या. दोन महिने पानं उलटवून बघतेय आणि इथे न बघता ब्रश फिरवला. फार वाईट वाटलं.

आता खूण पक्की: पांढरं दिसलं की आधी काडीने हलकं डिवचायचं. झपाझप चाललं, मोठं आहे, झूल लांब आहे तर हात लावायचा नाही. मुंग्यांसाठी खोडाला चिकट पट्टी. साबण बंद.

१५ मार्च

ऊन वाढलं, हवा कोरडी. टोमॅटोच्या खालच्या पानांवर बारीक फिकट ठिपके. पांढऱ्या कागदावर पान आपटलं: धुळीसारखे कण पडले आणि चालू लागले. बोटाने घासलं तर तांबूस रेघ. लाल कोळी. याला आठ पाय, हा कीटक नाही. माझ्याकडचा बीटी पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांपुरता, त्याचा याच्यावर काही उपयोग नाही. तिशीच्या पुढच्या तापमानात अंड्यापासून पूर्ण वाढीला त्याला आठवडाच पुरतो.

मागच्या वर्षी याच सुमाराला माझा घेवडा गेला होता, आणि का गेला ते आता मला दिसतंय. कोळ्याला खाणारे कोळी असतात, फिकट, चमकदार, चालीने त्याच्यापेक्षा चपळ. तेल आणि साबण अंगावर पडलं की तेही मरतात. लाल कोळी जाळ्याखाली, पानाच्या घड्यांत उरतो आणि मोकळं रान मिळतं.

केलं ते एवढंच: सगळ्यात जास्त ठिपक्यांची खालची पानं काढून पिशवीत बंद केली. रोज सकाळी पानाच्या खालून पाण्याचा फवारा, कारण धूळ आणि कोरडेपणा कोळ्याला मानवतो. मुळाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं, तहानलेलं झाड त्याला आधी बळी पडतं. गंधकाचा विचार टाळला. कडक उन्हात गंधकाने पानं भाजतात.

२१ मार्च

कागदावर पडणारे कण निम्म्याहून कमी. त्यांच्यात तीन चपळ, फिकट कोळी दिसले.

मिरचीची पानं मात्र वळतायत. वळण बघितलं: कडा वरच्या बाजूला, होडीसारख्या. वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी. शेंडा कागदावर झटकला, पिवळसर, स्वल्पविरामाएवढे फुलकिडे पडले, एका शेंड्यावर सरासरी सहा. इथे निंबोळी अर्क.

निंबोळीची भरड लिटरला पन्नास ग्रॅम, चार लिटरला दोनशे. कापडात बांधून रात्रभर भिजत ठेवली, सकाळी पुरचुंडी पिळून पिळून दुधाळ पाणी काढलं, दोनदा गाळलं (नाही तर नोझल तुंबतं), थोडा मऊ साबण घातला आणि त्याच दिवशी संध्याकाळी वापरलं. अर्क साठवायचा नाही. यातला अझाडिरॅक्टिन लगेच मारत नाही, तो भूक मारतो आणि कात टाकू देत नाही. पिल्लू जुन्या कातड्यात अडकून मरतं. म्हणून दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले की लोक म्हणतात अर्क फुकट गेला. पाच-सहा दिवस द्यावे लागतात.

एका जाणत्या बागकाम करणाऱ्यांनी तंबाखूचा काढा मारायला सांगितलं, 'नैसर्गिकच आहे' म्हणून. मी नाही म्हटलं. निकोटीन हे कडक विष आहे, कातडीतून अंगात भिनतं, मधमाश्यांना मारतं, आणि तंबाखूतून मोझॅकचा विषाणू मिरची-टोमॅटोवर येऊ शकतो. नैसर्गिक आहे एवढ्यावर कुठलीही गोष्ट पंपात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. लसूण-मिरचीचा अर्क मी मिरचीच्या अर्ध्या वाफ्यावर आठवडाभरापूर्वी मारून पाहिला होता, मोजणीत दोन्ही अर्ध्यांत फरक दिसला नाही.

२७ मार्च

मिरचीच्या शेंड्यावर सरासरी दोन. नवी पानं सरळ येतायत. जुनी वळलेली तशीच राहणार.

३० मार्च

पिवळे चिकट सापळे लावून दहा दिवस झाले. पांढऱ्या माश्या भरपूर, पंखांचा मावा, नागअळीच्या माश्या. पण भिंगाने बघितलं तर त्याच चिकटात दोन ढालकिडे, पाच सिरफिड माश्या आणि मोजता न येणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. दोन महिने ज्यांची वाट पाहिली तेच. सहापैकी पाच सापळे काढले. एक टोमॅटोत ठेवला, माशी कधी वाढते ते कळावं म्हणून, आणि तोही आठवड्यातून दोनच दिवस.

टोमॅटोचं एक रोप खुरटलं, पानं बारीक, कडा वर गोळा झालेल्या. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. यावर कुठलाही अर्क चालत नाही. रोपावर पिशवी घालूनच उपटलं, म्हणजे माश्या उडून शेजारी जाणार नाहीत.

६ एप्रिल

वांग्याचे तीन शेंडे माना टाकलेले, बाकी झाड टवटवीत. शेंडेअळी. कोमेजल्या भागाखाली दोन बोटं कापून शेंडा उभा चिरला: आत गुलाबीसर अळी, मागे भुसा. आता रोज सकाळी वाफ्यावरून एक फेरी, कोमेजलेला शेंडा दिसला की त्याच दिवशी कापायचा, चिरायचा, अळी मारायची. शेंडे खताच्या खड्ड्यात टाकायचे नाहीत, अळी बाहेर येऊन पाचोळ्यात कोष करते. कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग येतात. एवढ्याशा बागेत तो इलाज म्हणून पुरत नाही, पण पतंग उडायला लागल्याची वर्दी देतो. लावला.

१३ एप्रिल

काकडीच्या दोन फळांवर टोचल्याच्या खुणा, डिंकाचा थेंब. फळमाशी. दोन्ही काढून काळ्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवली. गळलेलं फळ जमिनीवर राहिलं तर अळ्या मातीत शिरून कोष करतात, मग पुढचा महिना हाती लागत नाही. बाकीच्या कोवळ्या फळांना कागदी पिशव्या. बारा फळं, पंधरा मिनिटं.

२१ एप्रिल

हंगामातल्या फवारण्या: बीटी एक, साबण एक (जळालेली), लसूण-मिरची एक (अर्ध्या वाफ्यावर), निंबोळी एक. मागच्या वर्षी याच काळात पंधरा.

जास्वंदीच्या तिसऱ्या फांदीवर आता कापूस नाही. पिठ्याची कोरडी कातडी आहेत आणि खोडाच्या भेगेत क्रिप्टोलीमसचे रिकामे कोष. पूर्ण वाढलेला एकच दिसला, काळपट अंगाचा, नारिंगी डोक्याचा. पान हलताच उडाला.

चवळी वाळली आहे. उपटणार नाही, पायाशी कापणार, आणि कापलेले वेल दोन आठवडे वाफ्यावरच पसरून ठेवणार, कारण पानांवर अजून ममी आहेत आणि त्यांतल्या अठरांना छिद्र पडायचं आहे. नवी चवळी कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला पेरली. भाचीने लाल दोऱ्याचं रीळ मागून घेतलं आहे, तिच्याकडे दोन कुंड्या आहेत आणि एकीत मावा आला आहे.